विश्लेषण : कामाची पॅन्ट उसवते, विरते की फाटते? ऊसफड, फौंड्री आणि बांधकामासाठी टिकाऊ पॅन्ट कशी निवडावी?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सांगली-सातारा जिल्ह्यांतील आठवडी बाजारांत कामाच्या पॅन्टींचे ढीग लागतात. फडात, फौंड्रीत, स्लॅबवर किंवा मार्केट यार्डात राबणारा माणूस त्या ढिगातून बहुतेक वेळा किंमत पाहूनच पॅन्ट उचलतो. दोन-तीन महिन्यांत ती गुडघ्यात किंवा जांघेत जाते आणि पुन्हा नवी घ्यावी लागते. नुकसान केवळ पैशांचे नसते. चुकीच्या कापडाची पॅन्ट भट्टीजवळ वितळून कातडीला चिकटते, सैल पॅन्ट यंत्रात ओढली जाते. कोणत्या कामाला कोणती पॅन्ट योग्य, ती दुकानात कशी ओळखायची आणि हा खर्च नेमका कोणी करायचा, याचा हा आढावा.

पॅन्ट नेमकी कशी निकामी होते?

मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्हींचे उपायही वेगळे आहेत. पॅन्ट उसवते, म्हणजे शिलाई सुटते. कापड मात्र शाबूत असते. याचे कारण बहुतेक वेळा कमकुवत दोरा, एकेरी शिलाई किंवा उकिडवे बसताना ताण देणारे आखूड माप हे असते. पॅन्ट विरते, म्हणजे घासून घासून कापड पातळ होते. हे गुडघे, बैठक आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला होते. तिथे जाड कापड किंवा दुहेरी थर लागतो. पॅन्ट फाटते, म्हणजे सळई, खिळा, उसाचा बुडखा किंवा पोत्याचा हूक लागून कापड एका झटक्यात जाते. तिथे घट्ट विणीचे कापड आणि बाहेर लोंबणारे काही नसलेली शिवण उपयोगी पडते.

त्यामुळे नवी पॅन्ट घेण्यापूर्वी जुनी पॅन्ट नीट पाहावी. ती उसवली असेल तर दुप्पट जाड कापड घेऊन फायदा नाही, शिलाई आणि माप बदलले पाहिजे. ती विरली असेल तर कितीही चांगल्या दोऱ्याने ती वाचणार नाही.

कापडाची ताकद कशावर ठरते?

पहिली गोष्ट वजन. कापडाचे वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, असे मोजतात. साध्या शर्टाचे कापड साधारण १०० ते १५० जीएसएमचे असते. अंगमेहनतीच्या कामासाठी २४० ते ३२० जीएसएमचे कापड योग्य ठरते. डेनिमचे वजन औंसात सांगितले जाते. एक औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम. म्हणजे १० औंसाची जीन्स ३४० जीएसएमची आणि १२ औंसाची ४०० जीएसएमच्या आसपासची असते.

दुसरी गोष्ट वीण. ड्रिल आणि डेनिमवर तिरप्या रेघा दिसतात. या विणीला ट्विल म्हणतात. यात धागे अधिक दाट बसवता येतात, त्यामुळे कापड घासणे जास्त सोसते आणि तरीही वाकते. फॅशनच्या ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्ये लायक्रा असतो. बसायला-उठायला ती सोयीची वाटते. पण अशा अनेक जीन्सचे कापड पातळ असते आणि सततच्या घासण्याने, उष्णतेने त्यांचा ताण लवकर जातो. दिसायला जीन्स असली म्हणून ती कामाची पॅन्ट असतेच असे नाही.

सुती चांगले की टेरिकॉट?

याचे एकच उत्तर नाही. सुती कापड घाम शोषते. नेहमीच्या हवेतही कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे सुती पॅन्ट अंगाला बरी वाटते. पण ती घामाने भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि जांघेत काचते. दिवसभर ओल्या पॅन्टमध्ये काम केल्यास गजकर्णासारखा त्वचाविकार बळावतो.

पॉलिस्टरचा धागा घासणे अधिक सोसतो, आटत नाही आणि रात्री धुतलेली पॅन्ट सकाळी वाळते. ज्यांच्याकडे दोनच पॅन्टी आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. म्हणून आगीशी संबंध नसलेल्या कामांसाठी ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कापूस असे मिश्र ड्रिल हा चांगला मध्यम मार्ग आहे. कारखान्यांच्या गणवेशांतही हे मिश्रण सर्रास वापरले जाते. मात्र भट्टी, वेल्डिंग आणि ग्राइंडरच्या ठिणग्या असतील तर हा हिशेब पूर्ण बदलतो.

फौंड्री आणि वेल्डिंगमध्ये काय वेगळे?

या भागाला लोखंडाच्या कामाची जुनी परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर घडू लागले. ते ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला. आज सातारा, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम, यंत्रकाम आणि फॅब्रिकेशनच्या लहानमोठ्या शेडमध्ये अनेक हात राबतात.

ओतीव लोखंडाचा रस साच्यात ओतताना १३०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंशांवर वितळते. रसाचा थेंब किंवा वेल्डिंगची ठिणगी टेरिकॉटच्या पॅन्टवर पडली की कापड वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. कापूसही पेट घेतो, पण तो वितळत नाही. म्हणून अशा ठिकाणी निदान शंभर टक्के सुती, जाड आणि घट्ट विणीची पॅन्ट हवी. ज्याचे काम प्रत्यक्ष भट्टीवर किंवा वेल्डिंगचे आहे, त्याला अग्निरोधक प्रक्रिया केलेले कापड मिळायला हवे. वेल्डिंगच्या कपड्यांसाठी ‘आयएसओ ११६११’, उष्णता आणि ज्वाळेपासून संरक्षणासाठी ‘आयएसओ ११६१२’ ही मानके आहेत. उष्णतेत काम करणाऱ्या औद्योगिक कामगारांच्या कपड्यांसाठी ‘आयएस १५७४८’ हे भारतीय मानकही आहे. खरेदी करताना लेबलवर यांपैकी क्रमांक आहे का, हे पाहावे.

कापडाइतकीच शिवणही महत्त्वाची. पायाची घडी बाहेर दुमडलेली नसावी, कारण ठिणगी आणि रस तिथेच साचतो. पॅन्ट बुटाच्या आत न खोचता बुटावर येईल एवढी लांब असावी. खिशांना झाकण असावे. पायाची कड दोरे निघून झिरमिळलेली असेल तर ती आधी पेट घेते. तेला-ग्रीसने माखलेली सुती पॅन्टही लवकर पेटते, त्यामुळे ती धुतल्याशिवाय पुन्हा घालू नये.

ऊसतोडीसाठी कशी पॅन्ट हवी?

बीडसह मराठवाड्यातून आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून मजूर टोळ्यांनी फडात येतात. ऊस बुडख्याशी वाकून तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, असा हा दिवस असतो. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, त्यावरची कूस कापडातून आत शिरून खाज आणते. तोडलेले बुडखे पोटऱ्यांना आणि घोट्यांना लागतात. कोयता निसटला तर तो बहुतेक वेळा नडगीवर येतो.

इथे पातळ ट्रॅकपॅन्ट सर्वांत वाईट. तिची सैल वीण पानाच्या कडेत अडकते आणि कूस आत येऊ देते. २५० जीएसएमच्या आसपासचे, घट्ट विणीचे आणि गुळगुळीत पृष्ठाचे मिश्र ड्रिल सर्वांत योग्य. जाड डेनिम ओरखड्यांपासून वाचवते, पण पहाटेच्या दवात भिजली की दिवसभर ओझे होते. गुडघ्यापासून खाली पुढच्या बाजूने कापडाचा दुसरा थर शिवून घेतला तर पूर्ण पॅन्ट जड न होता नडगीला आधार मिळतो. कोयत्याचा घाव मात्र कोणतीही साधी पॅन्ट अडवत नाही. त्यासाठी नडगीवर बांधायचे कडक पॅडच लागते.

टोळीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे निम्मे काम बाई करते. तिच्या अंगावर मात्र साडी आणि त्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट असतो. बाजारात बाईच्या मापाची, कमरेला आणि मांडीला व्यवस्थित बसणारी, खोल खिशांची कामाची पॅन्ट सहजी मिळत नाही. ज्यांना साडी सोडायची नाही, त्यांच्यासाठी साडीच्या आत घालायची घोट्यापर्यंतची ड्रिलची सुरवार स्थानिक शिंपी सहज शिवू शकतो.

मजबूत पॅन्ट धोक्याची कधी ठरते?

फिरणाऱ्या यंत्राजवळ. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पॅन्टची लोंबती नाडी किंवा सैल पाय त्यात अडकला तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. पातळ कापड निदान फाटून सुटू शकते, डेनिम सुटत नाही. ते पाय ओढून नेते. मळणी यंत्र, हळद पॉलिश करण्याचे ड्रम, विट्यातील यंत्रमाग, लेथ या सगळ्यांना हेच लागू आहे. अशा जागी पॅन्ट पायाला बेताची असावी, घोट्याशी निमुळती असावी, नाडी आत खोचलेली किंवा कमरेला बटण-हूक असावा.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ ने हे फार पूर्वीच ओळखले होते. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणारा कामगार प्रशिक्षित असावा, त्याने अंगाबरोबरचे कपडे घातलेले असावेत आणि ते कपडे कारखानदाराने पुरवावेत, असे त्यात म्हटले होते.

बांधकाम, द्राक्षबाग आणि हमालीचे काय?

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ असतो. स्लॅबवर किंवा फरशीवर गुडघे टेकून काम करताना पॅन्ट सिमेंटच्या पाण्याने भिजली आणि तशीच राहिली तर कातडी भाजते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. गवंडी आणि फरशी बसवणाऱ्यांनी गुडघ्याला दुहेरी थर आणि त्यात फोमचे पॅड सरकवता येईल असा कप्पा शिवून घ्यावा. भिजलेली पॅन्ट लगेच बदलावी आणि पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत.

तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत फवारणी करताना प्रश्न टिकाऊपणाचा नसतो. जाड सुती पॅन्ट औषध शोषते आणि तासन् तास कातडीला लावून ठेवते. तिथे वरून पाणी न शिरणारी ओव्हरपॅन्ट किंवा ॲप्रन लागतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

सांगलीच्या हळद बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाची पॅन्ट जांघेत उसवते, कारण ओझे घेऊन तो पूर्ण खाली बसतो आणि उठतो. त्याला कापडापेक्षा बैठकीत मोकळे माप हवे. जुन्या लेंग्या-सुरवारींत दोन पायांच्या सांध्यात कापडाचा वेगळा तुकडा जोडत, त्याचे कारण हेच होते. ताण चार शिवणी एका बिंदूवर मिळतात तिथे न येता तुकड्यावर पसरतो. आजही शिंप्याला सांगून तो जोडून घेता येतो.

जीन्सचा इतिहास काय सांगतो?

जाड सुती कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून गेला, असे शब्दकोश सांगतात. आणि आजची जीन्स मुळात मजुराची पॅन्ट आहे. अमेरिकेतील रिनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका मजुराच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी पॅन्ट मागितली. पॅन्ट कुठे जाते हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. लिव्हाय स्ट्रॉस यांच्या कंपनीबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. कापड तेच होते. फक्त ताण येणारी जागा पक्की केली होती.

दुकानात काय तपासावे?

पॅन्ट घालून पूर्ण उकिडवे बसावे आणि एक पाय उंच पायरीवर ठेवावा. जांघेत किंवा गुडघ्यात ओढल्यासारखे वाटले तर ती पॅन्ट काही दिवसांत उसवणार.

कापड उजेडाकडे धरावे. विणीतून उजेडाचे ठिपके सहज दिसत असतील तर वीण सैल आहे.

पॅन्ट उलटी करून बैठकीची आणि मांडीची शिवण पाहावी. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर शिलाया मारल्या असतील, तर ती शिवण सर्वांत पक्की. इंचाला साधारण आठ ते दहा टाके योग्य. त्याहून फार कमी असतील तर शिवण सुटते, फार जास्त असतील तर सुयांच्या छिद्रांनी कापडच कमजोर होते.

शिवणीच्या दोन्ही बाजू धरून ओढावे. टाके उघडून मधला दोरा दिसू लागला तर पॅन्ट परत ठेवावी.

खिशांचे कोपरे आणि चेनचा तळ इथे आडवे दाट टाके किंवा रिव्हेट आहेत का, ते पाहावे. चेन धातूची असावी.

शंभर टक्के सुती पॅन्ट पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे लांबीला थोडी जास्त घ्यावी. लेबल नसेल तर ‘सुती आहे’ या तोंडी शब्दावर भट्टीच्या कामासाठी विसंबू नये.

तयार पॅन्ट पटत नसेल तर मीटरवर ड्रिल घेऊन शिंप्याकडून शिवणे हा पर्याय अजूनही चांगला आहे. दुहेरी गुडघा, जांघेतला तुकडा, बाजूला कोयत्याचा दगड किंवा मोबाइल ठेवण्याचा झाकणाचा खिसा, हे सगळे त्यात मिळते.

महाग पॅन्ट परवडते का?

किंमत दिवसाने भागून पाहावी. समजा ३०० रुपयांची पॅन्ट ७५ दिवस टिकली, तर दिवसाला चार रुपये पडले. ७५० रुपयांची २५० दिवस टिकली, तर तीन रुपये. अडचण अशी की हातात एका वेळी ७५० रुपये नसतात, म्हणून गरीब माणूस महागडा सौदा करतो. दोन पॅन्टी आलटून-पालटून वापरणे, रोजचा घाम आणि माती धुऊन काढणे आणि कापड विरू लागताच छिद्र पडण्याआधी आतून ठिगळ लावणे, यानेही आयुष्य वाढते. छिद्र पडल्यावर लावलेले ठिगळ विरलेल्या कडेपासून पुन्हा सुटते.

हा खर्च कोणाचा?

कारखान्याच्या आत उत्तर स्पष्ट आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ नुसार कायद्याने पुरवायच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही सुरक्षेसाठी केलेल्या व्यवस्थेचा भार कामगारावर टाकू नये, असे बंधन आहे. कंत्राटी कामगाराच्या पगारातून गणवेशाचे पैसे कापले जात असतील आणि तो गणवेश सुरक्षेसाठी आवश्यक असेल, तर त्याने त्यावर प्रश्न विचारलाच पाहिजे.

फडात मात्र मालक कोण, हाच प्रश्न असतो. मजूर मुकादमाकडून उचल घेतो, मुकादम वाहतूकदाराशी आणि वाहतूकदार कारखान्याशी बांधलेला असतो. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढून टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपये झाला. त्यातूनच पॅन्ट, बूट आणि औषधपाणी भागवायचे. नडगीला घाव बसला तर मजुरी जाते आणि वर खाड्याचे पैसे कापले जातात.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. एका जोडीने दिवसाला दीड टन ऊस तोडला आणि हंगाम १२० दिवसांचा धरला, तर १८० टन होतात. म्हणजे एकट्या जोडीच्या श्रमावर कारखान्याकडून १८०० रुपये जमा होतात. एवढ्या रकमेत दोघांसाठी प्रत्येकी एक चांगली ड्रिलची पॅन्ट किंवा सुरवार आणि नडगीचे पॅड बसू शकते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, कारखान्याच्या गटकार्यालयातून, बाईच्या आणि पुरुषाच्या वेगळ्या मापात हा संच देणे अवघड नाही. कोयता हे कामाचे हत्यार आहे, हे सगळ्यांनाच मान्य आहे. त्या कोयत्यापासून पाय वाचवणारी पॅन्टही कामाच्या साधनांतच धरायला हवी.